‘ममी’ म्हणजे मसाला भरलेले प्रेत?

प्रश्न दुहेरी आहे: इजिप्तची ‘ममी’ आणि आईला मारायची हाक ‘मम्मी’ यांचे काही नाते आहे का? आणि ‘मसाला भरून ठेवलेले प्रेत’ हा ममीचा नेहमी दिला जाणारा अर्थ बरोबर आहे का?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. नाते काहीच नाही. आईची ‘मम्मी’ तान्ह्या मुलांच्या ‘म-म’ बोलांतून आली. इजिप्तची ‘ममी’ अरबी ‘मूमिया’वरून लॅटिनमार्गे इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे आली. मूमियाच्या मुळाशी फारसी ‘मूम’ म्हणजे मेण आहे, हिंदी मोमबत्तीतला मोम तोच. (आपले ‘मेण’ मात्र वेगळ्या घरचे. संस्कृत ‘मदन’, प्राकृत ‘मयण’, मग मेण.) मूमिया हे मुळात इराणच्या डोंगरांतून पाझरणाऱ्या काळ्या डांबरासारख्या औषधाचे नाव. ते जखमेवर, मोडलेल्या हाडावर लावत. मध्य आशियात शिलाजितासारख्या पदार्थाला आजही ‘मुमियो’ म्हणतात. इजिप्तच्या मृतदेहांवरचा काळा चिकट थर पाहून लोकांना ते हेच औषध वाटले आणि नाव आधी थराला, मग देहालाच चिकटले. तो थर बहुतेक वेळा झाडांच्या राळेचा असे. डांबर आढळते ते मुख्यतः उत्तरकाळातल्या काही ममींवर. या गैरसमजापायी युरोपातले औषधविक्रेते कित्येक शतके ममी कुटून तिची पूड विकत होते.

खुद्द इजिप्शियन लोक ममीला ‘सह’ म्हणत, आणि मानमरातब या अर्थाचा शब्दही तोच. नुसत्या प्रेताला वेगळा शब्द होता, ‘खत’. (त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे हे उच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेले आहेत.)

आता मसाल्याकडे वळू. देह टिकतो तो मसाल्याने नव्हे, खाराने. हा खार म्हणजे नॅट्रॉन. कैरोच्या वायव्येला वादी अल-नत्रून नावाच्या खोलगट भागातल्या तळ्यांकाठी तो नैसर्गिकरीत्या मिळतो. त्यात सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि थोडे साधे मीठ व सल्फेट असते. आपल्या सज्जीखार-पापडखाराच्या जातीचा म्हणता येईल. सोडियमची ‘एनए’ ही खूण ज्या ‘नेट्रियम’वरून आली, त्याचे मूळही याच शब्दात आहे.

कृती अशी. नाकातून सळई घालून वरचे पातळ हाड फोडायचे आणि मेंदू काढायचा. आकड्याने तो धडपणे निघत नाही. आत ढवळून पातळ करावा लागतो आणि देह पालथा करून ओतावा लागतो. मग डाव्या कुशीला चीर देऊन आतडी, जठर, यकृत आणि फुप्फुसे बाहेर काढायची. हृदय मात्र आतच ठेवायचे, कारण परलोकात त्याचे वजन होणार असते. पोकळी धुऊन तिच्यात नॅट्रॉनच्या पुरचुंड्या भरायच्या आणि वरूनही सगळा देह कोरड्या नॅट्रॉनखाली पुरायचा. 1994 साली अमेरिकेत बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड या संशोधकांनी दान मिळालेल्या एका देहावर हे करून पाहिले. सुमारे अडीचशे किलो नॅट्रॉन आणि 35 दिवस लागले. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस 70 दिवस नॅट्रॉनमध्येच ठेवत असे सांगतो, पण इजिप्तच्या नोंदींप्रमाणे 70 दिवस हा मृत्यूपासून दफनापर्यंतचा एकूण काळ. उरलेल्या दिवसांत तेल, राळ आणि लिननच्या पट्ट्या.

खार कोरडाच हवा. पूर्वी काही अभ्यासक देह खाराच्या पाण्यात भिजवत असे मानत. पाण्यात मात्र कातडी सुटते आणि मांस सडते. कोरडा खार पाणी शोषतो, चरबीचा साबण करतो आणि जंतूंना वाढू देत नाही.

हे वाचून कोकणातल्या कुणालाही खारा बांगडा आठवेल. पोट फाडून आतडी काढा, कारण कुजणे तिथून सुरू होते. आत-बाहेर मीठ भरा. पाणी सुटू द्या. (सुका बोंबील इथे चालणार नाही, तो नुसता वाऱ्या-उन्हात वाळतो.) हिरोडोटसने ममी करण्यासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद ‘तारिखेउएइन’ हे मासे खारवण्यासाठीही होते आणि ‘तारिखोस’ म्हणजे खारवलेला मासाही, ममीही. तेव्हा मराठीत प्रक्रियेसाठी ‘खारवणे’ हेच नेमके क्रियापद आहे, मग ते स्वयंपाकघरातले का असेना.

‘मसाला भरणे’ निव्वळ चूक आहे असेही नाही. पोकळीत हिराबोळ आणि दालचिनीसारखी सुगंधी द्रव्ये भरत, हे हिरोडोटसनेच लिहिले आहे. एकविसाव्या राजवंशात तर कातडीखाली लिनन, माती, लाकडाचा भुसा ठासून चेहरा भरीव करण्याची पद्धत निघाली. राणी हेनुत्तावीच्या गालांत इतके भरले होते की ते पुढे फुटले. पण हे भरणे देखणेपणासाठी आणि सुवासासाठी, टिकवण्यासाठी नव्हे. उलट द्रव्यांचा अतिरेक नडतोही: तुतानखामेनवर इतकी राळ-तेले ओतली होती की देह शवपेटीला चिकटून बसला आणि करपल्यासारखा झाला.

नामासाठी ‘ममी’ ठेवावे, प्रतिशब्द घडवण्याच्या भानगडीत पडू नये. वर्णन लागलेच तर ‘खारवून, पट्ट्यांत गुंडाळून जतन केलेला देह’. हिमाचलमधल्या स्पितीतल्या ग्यू गावच्या भिक्षूसारख्या आपोआप सुकलेल्या देहाला मात्र ‘खारवलेला’ म्हणू नये, तिथे ‘सुकलेला’च योग्य. लिहिताना एकच म, लिंग स्त्रीलिंगी, अनेकवचनात रूप बदलत नाही: वडोद्याच्या संग्रहालयात एक ममी आहे, कैरोत कितीतरी ममी आहेत. ‘ममीज’ नको आणि ‘मम्या’ तर नकोच.