रक्त कितव्या दिवशी दिलंत ते आधी सांगा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५१, देवगडला आंब्याची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनतच नाही म्हणून दर २१ दिवसांनी टेस्टोस्टेरॉन एनन्थेटचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेतो. पहिले आठ दिवस एकदम जोर असतो, पण डोकं पण लगेच तापतं, पाठीवर पुळ्या येतात, बायको म्हणते "पयल्या आठवड्यात तुमच्याशी बोलूक भिती वाटता." तिसऱ्या आठवड्यात मात्र दुपारी जेवलो की जो आडवा होतो तो चहालाच उठतो, गड्यांना काय सांगायचं ते पण सुचत नाही. फेब्रुवारीत टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट केला तर ११८० आला, एका डॉक्टरांनी सांगितलं जास्त आहे, डोस कमी करा. मे महिन्यात परत केला तर २१०, दुसरे डॉक्टर म्हणाले वाढवा. त्याच वेळी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५२.८ टक्के आलंय, त्याला लाल रंगात दाखवलंय. त्या दिवशी पहाटेपासून आंबे उतरवून तसाच उपाशी, पाणीही न पिता लॅबमध्ये गेलो होतो. आता वाढवू की कमी करू? की इंजेक्शनच बंद करू?
— एक बागायतदार

उत्तर : तुमचं पत्र वाचल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांच्या तारखा आणि इंजेक्शनच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. फेब्रुवारीतलं रक्त इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी दिलेलं आहे आणि मेमधलं विसाव्या दिवशी, म्हणजे दुसरं इंजेक्शन उद्यावर आलेलं असताना. दोन्ही आकडे एकाच डोसचे आहेत! मध्ये काहीच बदललेलं नाही. पण रिपोर्टवर इंजेक्शनची तारीख कुणी लिहित नाही, डॉक्टरांसमोर नुसता आकडा येतो, मग एकजण म्हणतो कमी करा आणि एकजण म्हणतो वाढवा, आणि माणूस मधल्या मधे घाबरून जातो.

तुम्ही समुद्राकाठचे आहात म्हणून असं सांगतो, जेटीवर पाणी किती असं विचारलं तर कुणीही आधी विचारेल, भरतीला की ओहोटीला? एनन्थेट हे तेलात विरघळवलेलं औषध आहे, स्नायूत दिलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातली पातळी खूप वर जाते आणि मग उतरत उतरत तिसऱ्या आठवड्यात तळाला येते. तुमचं सध्या उधाण चाललंय, भरतीला घरात पाणी आणि ओहोटीला होडी चिखलात. आपल्याला भांगाचं पाणी पाहिजे, चढ-उतार थोडा.

म्हणून वाढवू की कमी करू याचं माझं उत्तर असं, की आधी अंतर कमी करण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. तीन आठवड्यांना २५० म्हणजे हिशोबाने आठवड्याला ८३ मिलिग्रॅमच्या आसपास. हा आकडा काही जास्त नाही, साधारण आठवड्याला ७५ ते १०० किंवा दोन आठवड्यांनी १५० ते २०० असाच डोस दिला जातो. चूक आहे ती २१ दिवसांची. तेवढंच औषध आठवड्याला थोडं थोडं घेतलं तर पहिल्या आठवड्यातला राग आणि तिसऱ्या आठवड्यातली झोप, दोन्ही कमी व्हायची चांगली शक्यता आहे, आणि एकूण औषध एक थेंब पण वाढत नाही. फक्त एक, २५० ची काचेची ॲम्प्यूल फोडून उरलेलं औषध फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरू नका, फोडलेली ॲम्प्यूल ठेवायची नसते. कमी ताकदीची मिळते का ते केमिस्टला विचारा. दर आठवड्याला सुई कोण टोचणार हा प्रश्न मला कळतो, बऱ्याच जणांना आरोग्य केंद्रातल्या सिस्टर एकदा नीट शिकवतात आणि मग ते घरीच घेतात. तेही जमत नसेल तर टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं १००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन असतं, ते सुरुवातीचे डोस झाले की १० ते १४ आठवड्यांनी एकदा घेतात. महाग आहे, आणि दिल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसून राहावं लागतं, पण काहींना ते फार मानवतं.

आता रक्त कधी द्यायचं. एनन्थेटवाल्यांनी दोन इंजेक्शनच्या बरोबर मध्ये द्यायचं, तुमच्या सध्याच्या हिशोबाने दहाव्या-अकराव्या दिवशी. त्या दिवशी ३५० ते ६०० नॅनोग्रॅमच्या मध्ये आलं तर डोसला हात लावायचं कारण नाही. अनडेकॅनोएट असेल तर उलट, पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी. लॅबच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने "शेवटचं इंजेक्शन अमुक तारखेला" असं लिहा, पुढच्या डॉक्टरांवर उपकार होतील. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्याने काही मशीनवर आकडा खोटाच जास्त येतो.

हिमॅटोक्रिटकडे मात्र दुर्लक्ष करू नका. टेस्टोस्टेरॉनने लाल पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं, आणि ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर इंजेक्शन थांबवावंच लागतं, ते खाली आल्यावर कमी डोसने परत सुरू करतात. तुमचं ५२.८ आहे म्हणजे उंबरठ्यावर. पण तुम्ही पत्रात एक ओळ सहज लिहिलीय, की त्या दिवशी पहाटेपासून आंबे उतरवून घेतले आणि मग तसेच उपाशी, पाणीही न पिता गाडीवरून लॅबमध्ये गेलात. मे महिन्यात, देवगडच्या घामात! अंगातलं पाणी कमी झालं की हिमॅटोक्रिट आपोआप वर दिसतं. उपाशी म्हणजे अन्न नको, पाणी चालतं, हे लॅबवाले सांगायला विसरतात. आदल्या दिवशी भरपूर पाणी पिऊन, सकाळी दोन ग्लास पिऊन, बागेत न जाता सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, परत करा. तरी ५२ च्या वर राहिलं तर वहिनींना विचारा तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, कारण स्लीप ॲप्नियाने पण हेच होतं. विडी-सिगरेट असेल तर ती पण कारण आहे. टेस्टोस्टेरॉनची पातळी एकदम उंच चढली की रक्त जास्त घट्ट होतं असंही दिसतं, तेव्हा अंतर कमी करण्याचा फायदा इथे पण होऊ शकतो. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, वर्षभरात केला नसेल तर याच रक्तात करून घ्या.

बरं वाटणं-न वाटणं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे असं मी मानतो, फक्त ते आठवणीवर सोडू नका. माझ्याकडे येणारे हर्णैचे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत इंजेक्शनच्या दिवशी गोल करायचे आणि रोज रात्री झोप, राग आणि काम यांना पाचपैकी मार्क द्यायचे. तीन महिन्यांची पानं त्यांनी फाडून माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा दर पंधराव्या दिवसानंतर मार्क घसरलेले मला न विचारता दिसले. तुम्ही पण करा. बदल एका वेळी एकच करा, आणि केल्यावर निदान सहा आठवडे ते दोन महिने थांबून मगच परत रक्त द्या.

अजून एक, आणि हे तुमच्यासाठी खास. पिट्यूटरीचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा थकवा नेहमी टेस्टोस्टेरॉनचाच असतो असं नाही. थायरॉइड आणि कॉर्टिसोल पण त्याच ग्रंथीच्या हुकमावर चालतात. तुमच्यासारख्यांमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडची नेहमीची तपासणी, नॉर्मल दिसून फसवू शकतो, फ्री टी-४ बघावं लागतं. हे दोन्ही तपासल्याशिवाय टेस्टोस्टेरॉन वाढवणं मला पटत नाही. हार्मोनच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर किंवा खाली गोवा, एक दिवस मोडेल पण मोडू दे. इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका, तुमचं शरीर ते स्वतः बनवत नाही, बंद केलं तर हाडं पण झिजतात.

प्रश्न : मी गुहागरची, मिस्टरांना डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉनची जेल दिलीय, खांद्याला लावतात. रिपोर्ट एकदम १५०० च्या वर आला पण त्यांना तर काहीच फरक नाही. आणि चार वर्षांची नात रात्री आजोबांच्या खांद्यावरच झोपते, ते चालेल का?
— एक आजी

उत्तर : नाही चालणार, आजपासूनच नाही. जेल त्वचेवरून दुसऱ्याच्या अंगाला लागते, लहान मुलांमध्ये त्याने अवेळी केस येणं वगैरे झालेलं आहे, म्हणून अमेरिकेत २००९ पासून त्यावर ठळक इशारा छापतात. सकाळी लावून हात साबणाने धुवायचे, वाळल्यावर बाह्यांचा शर्ट घालायचा, नुसत्या बनियनवर ओटीवर बसायचं नाही, आणि नातीला घ्यायच्या आधी ती जागा धुवायची. लावल्या लावल्या विहिरीवर आंघोळ नको, कंपनीने सांगितलेले तास जाऊ द्या.

रिपोर्टबद्दल मला एक शंका आहे. ज्या हाताच्या खांद्याला जेल लावली त्याच हातातून रक्त काढलं का? तसं असेल तर सुईबरोबर त्वचेवरची जेलच नळीत जाते आणि आकडा भलताच येतो. परत करा, दुसऱ्या हातातून, जेल लावल्यावर दोन ते आठ तासांत, आणि तोवर डोस कमी-जास्त करू नका. नातीला जांघेत केस किंवा छातीला सूज दिसली तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि जेलचं खोकं सोबत घेऊन जा.