बासष्टाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेतली तर रोज चालवायला त्रास होईल का?

होईल, पण तुम्ही समजताय तो नाही. चालवण्याचा त्रास नाही हो, उतरण्याचा.

मी 66 वर्षांचा, कोथरूडचा. तीन वर्षांपूर्वी मित्राला त्याची टू-सीटर रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची बुटकी स्पोर्ट्स कार, विकायची होती, म्हणून आठवडाभर वापरून बघायला आणली. नेमकं त्यातच भाचीचं लग्न. गेलो तीच घेऊन. हिच्या अंगावर पैठणी. कार्यालयाच्या दारात हिनं एक पाय बाहेर टाकला आणि तिथंच अडकली. सीट जमिनीला टेकलेली, उंबरा हा एवढा रुंद, त्यात उजवा गुडघा आधीच कुरकुरणारा. मी दोन्ही हात धरून ओढायला गेलो तर निऱ्या चपलेखाली. सनईवाले वाजवायचे थांबले. आणि साडू अक्षतांचं तबक घेऊन दारातच उभे. "क्रेन मागवू का?" त्यानंतर एक मुंज, एक बारसं सुटलेलं नाही त्या विनोदातून.

साडूंचं म्हणणं, साठीनंतर उंच एसयूव्हीच घ्यावी. साफ चूक. त्यांच्या डिकीत प्लास्टिकचा स्टूल कायम पडलेला असतो, मेव्हणीला चढता यावं म्हणून! हे ते मुंजीत सांगत नाहीत. सीट अशी हवी की पाठ करून उभं राहिलं की बूड अलगद टेकलं पाहिजे. पडायचंही नाही, चढायचंही नाही.

रोडस्टर परत केली आणि सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245, म्हणजे घरगुती गाडीचीच स्पोर्ट्स आवृत्ती, शोधून काढली. 2020 मध्ये भारतात 200 च आल्या होत्या, त्यामुळे शोधायला पाच महिने गेले. चार दारं, भलीमोठी डिकी, ताकद 245 पीएस, म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर. बोरघाटात मर्यादा 60 ची, मग एवढी ताकद कशाला, हाही साडूंचाच प्रश्न. ताम्हिणीत ट्रकच्या मागून निघताना दोन सेकंदांत मोकळं होता येतं, म्हणून.

स्पीडब्रेकर नियमानं 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. आमच्या सोसायटीचा म्हणजे आडवा टाकलेला ओंडका. तिरकी घालायची, हळू. टायरची भिंत बारीक असते, खड्ड्यात आपटली की फुगा येतो. माझे दोन गेले. रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे कडक भिंतीचे टायर, असतील तर आणखी दणके बसतात.

हां, एक राहिलंच. मला सायटिका नाही आणि माझं रोजचं चालवणं जेमतेम 12 किलोमीटर. तुळशीबागेत ही अजूनही रिक्षानंच जाते. तुमच्या कमरेचं काही झालेलं असेल तर माझ्या भरवशावर घेऊ नका, चार दिवस कुणाची तरी मागून बघा. आणि ट्रायलला वहिनींना साडी नेसूनच यायला सांगा.