डिझेल पिकअप किल्ली फिरवल्यावर नुसती ‘टक’ करते, बॅटरी बदलावी का?

बदलू नका, निदान मीटर लावल्याशिवाय तरी बदलू नका. तुम्ही लिहिले आहे की काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेली पिकअप सकाळी फक्त ‘टक’ करते, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारतानाही हेडलाइट झगझगीत राहतात आणि मेकॅनिक मात्र नवी बॅटरी घ्यायला सांगतो. हेडलाइटचा उल्लेख तुम्ही ओघात केला असला, तरी खरी मेख तिथेच आहे. सेल्फ मारताना दिवे पार मंदावले, तर बॅटरी, तिची टर्मिनल किंवा जाम झालेला सेल्फ यांच्यावर संशय घ्यावा. दिवे जसेच्या तसे राहिले, तर सेल्फच्या करंटची वाटच कुठेतरी अडलेली असते.

आमच्या जुन्नर तालुक्यात ऐन टोमॅटोच्या हंगामात माझ्यावर हाच प्रसंग आला होता. क्रेट भरलेली पिकअप नारायणगावच्या बाजाराला निघायची आणि ती जागची हलेना. आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, त्यांचे निदान बॉनेट उघडण्याआधीच तयार असते, त्यामुळे माझे काही ऐकून न घेता नवी बॅटरी आणली गेली, जुनी बदल्यात दिली गेली आणि गाडीने पुन्हा तसेच ‘टक’ केले. मग सेल्फ उतरवण्याची भाषा सुरू झाली. मी त्यांना एकदाच किल्ली धरून ठेवायला सांगितली आणि ॲक्सिलरेटरच्या केबलवर हात ठेवला, तर ती चांगलीच तापलेली होती.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे चेसिसशी त्याचा विजेचा खरा संबंध जाड अर्थिंग पट्टीनेच येतो, आणि ती कुजली की सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट केबलसारख्या किरकोळ वाटेने जाऊ पाहतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर लावून सेल्फ मारला, तर काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. आमच्याकडे तो चारच्या पुढे गेला. मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत जंपर केबल लावताच गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. पट्टी सोडवली तेव्हा वरून ती धड दिसत होती, पण बोल्टखालच्या टोकाशी तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा झाला होता. खताची पोती वाहणाऱ्या गाडीत हे व्हायचेच, कारण खताचे क्षार आणि पावसाचे पाणी मिळून तांबे खातात.

एवढे डोळ्यांसमोर होऊनही आप्पा आजतागायत सांगतात की नवी बॅटरी टाकली म्हणून गाडी चालू झाली. ज्याला सुटा भाग बदलणे म्हणजेच दुरुस्ती वाटते, त्याच्यापुढे काटा धरून उपयोग नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही काही गोष्टी सांगायला हव्यात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले, तर ती चार्ज आहे एवढेच कळते. लोड टेस्टशिवाय, म्हणजे भार टाकून तपासल्याशिवाय, तिला निर्दोष ठरवू नये. अर्थिंग ठीक निघाले, तर सेल्फच्या सोलेनॉइडचे, म्हणजे त्याला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे, कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर माझे हे सगळे उत्तर बाजूला ठेवून डिझेल फिल्टरमधले पाणी आणि लाइनने धरलेली हवा पाहावी. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला असल्याशिवाय यांतले काहीही करू नका.

आणि मेकॅनिक मीटर न लावता बॅटरीवरच अडून बसला, तर फार तर दुसऱ्या गाडीची चांगली बॅटरी घटकाभर लावून पाहू द्या, पण गाडी चालू होईपर्यंत जुनी बॅटरी दुकानदाराच्या हाती देऊ नका, मग सांगणारा घरातला वडीलधारा का असेना.