समुद्राच्या पाण्यात पीसीबी अगदी नावापुरतं असतं, मग ऑर्काच्या (किलर व्हेलच्या) अंगात एवढं कुठून येतं?

खाण्यातून. पीसीबी म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं केमिकल, ते पाण्यात फारसं विरघळत नाही पण चरबीत मुरतं आणि शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे प्लँक्टनमधून (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) बारीक मासळीत, तिथून मोठ्या माशात, मग सीलमध्ये आणि शेवटी ऑर्कात, प्रत्येक पायरीला साठा वाढतच जातो. 2016 मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची मादी मेलेली सापडली (मेली दोरात अडकून), तिच्या चरबीत किलोमागे 957 मिलिग्रॅम पीसीबी निघालं, त्रास सुरू व्हायची मर्यादा धरतात 9! वय किमान 20, पण पिल्लू एकही झालेलं नव्हतं. पिल्लं झालेल्या माद्यांत जरा कमी सापडतं, कारण दुधावाटे बराचसा साठा पहिल्या पिल्लाच्या पोटात जातो, नरांना तेही नाही. आणि ब्रिटनमध्ये बंदी 1981 पासूनच आहे बरं का.