नेटवर दिलेले नावांचे अर्थ खरे असतात का?

तुम्ही विचारलंय की मुलाचं नाव 'आरव' ठरलंय, एका साइटवर त्याचा अर्थ 'शांत' दिलाय, सासरे म्हणतात असा अर्थच नाही. मग खरं कुणाचं, आणि नेहमीच्या नावांचं मूळ शोधायचं कसं?

खरं सासऱ्यांचं. संस्कृतात 'रु' म्हणजे आवाज करणं, त्यावरून रव आणि आरव. आपट्यांच्या कोशात हा शब्द काढलात तर आवाज, ओरडा हेच मिळेल. तरी नाव बदलू नका. तान्ह्या बाळाला याहून चपखल नाव कुठून आणणार?

मी मुंबईत बरीच वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. त्यामुळे बारसं जवळ आलं की ओळखीपाळखीचे लोक व्हॉट्सअॅपवर याद्या पाठवतात. त्या याद्यांत नावं बदलतात, अर्थ मात्र तेच ते: तेजस्वी, देवाची देणगी, सूर्याचा अंश. 'रियांश'सारख्या नावाला तर धातू ना प्रत्यय, तरी पुढे ठोकून दिलेलं असतं 'संस्कृत'.

म्हणून अर्थ विचारण्याआधी 'कुठल्या भाषेतला?' हे विचारायचं. शीला आपल्याकडे शीलवान. आयर्लंडमधली शीला मात्र सिसिलियावरून आली, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला आंधळा या अर्थाचा शब्द आहे. अनिता स्पॅनिशमध्ये आनाचं लाडकं रूप, आणि आना म्हणजे हिब्रूतली हन्ना, अर्थ कृपा. संस्कृतात ओढूनताणून 'न नेलेली' असा काहीतरी अर्थ निघेल, पण आपल्या सोसायट्यांतल्या अनितांची नावं काही व्याकरण बघून ठेवलेली नाहीत. सध्या जोरात असलेलं कियारा इटालियनमध्ये उजळ, आणि जवळपास त्याच स्पेलिंगचं आयरिश नाव काळ्या केसांचं. साइटवाले दोन्ही एकाच रकान्यात कोंबतात.

मला स्वतःला सगळ्यात मजा येते ती पारशी नावांत. आमच्या माझगावच्या जुन्या इमारतीत जिन्याखाली पत्र्याच्या टपालपेट्या आहेत, एकीवर अजून 'आर्देशीर' वाचता येतं, खालचा रंग उडालाय. हा 'आर्द' म्हणजे वेदातल्या ऋताचा, म्हणजे सृष्टीच्या नियमाचा, इराणी भाऊबंद. जमशेदमधला 'जम' म्हणजे अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातला यिम, म्हणजे आपला यम. फक्त तिकडे तो सुवर्णयुगातला राजा आहे. बेहराम हे 'वृत्रघ्न'चंच इराणी रूप झिजून झालेलं. आपल्याकडे ते इंद्राचं विशेषण. मेहेरबाईंतला मेहेर म्हणजे वेदातला मित्र, सूर्याशी जोडलेला तोच जुना देव. होर्मसजीच्या मागे अहुर मज्द, पारशांचा परमेश्वर, आहे, आणि अहुर म्हणजे आपला असुर! आपल्याकडे असुर वाईट ठरले, त्यांच्याकडे देव. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांनी तर हिब्रू नावांना सरळ 'जी' लावून मराठी केलं. १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत समाजी हसाजी दिवेकर होते. तिथला सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. अब्राहमचा अबाजी, आयझॅकचा इसाजी. ही नावं नुसती ऐकून कोकणातला कुणी ओळखेल का?

आणि 'आमचं नाव शुद्ध मराठी' म्हणणाऱ्यांनी जरा जपून. गुलाबरावांचा गुलाब फारसी, गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, मुळात गुलाबपाणीच. दौलतराव आणि साहेबराव अरबीतून आले. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. विठ्ठल म्हणजे 'विटेवर उभा' हे ऐकायला गोड, पण अभ्यासक विष्णूच्या 'बिट्टि' या कन्नड रूपाकडेही बोट दाखवतात: कर्नाटकातला होयसळ राजा विष्णुवर्धनाचं एक नाव बिट्टिदेव होतं.

दगडू, धोंडू, भिकू, कचरू यांचा अर्थ शोधत बसूच नका. आधीची मुलं जगली नाहीत की याला तरी दृष्ट लागू नये, काळाने दुर्लक्ष करावं, म्हणून मुद्दाम ठेवलेली ही नावं. ती मला कधीच हसण्यासारखी वाटली नाहीत. 'नकोशी'ची गोष्ट मात्र उलटी, तिथे मुलगी खरोखरच नको होती. २०११ मध्ये साताऱ्यात अशा मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली.

आता तुमचं काम. संस्कृत नाव असेल तर आपटे किंवा मोनियर-विल्यम्स यांचा कोश, मराठी असेल तर मोल्सवर्थचा. तिन्ही नेटवर फुकट आहेत. कोशात शब्द मिळाला नाही म्हणून घाबरू नका. प्राजक्ता संस्कृतात शोधून सापडणार नाही, कारण ते पारिजातकाचं मराठी घरगुती रूप आहे. जुईसुद्धा यूथिकेची. पण साइट 'संस्कृत' म्हणते आणि कोशात काहीच नाही, तर अर्थ घरबसल्या जुळवलाय हे धरून चाला.

घाईही करू नका. जन्माची नोंद नावाशिवाय होते. त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत महापालिकेत नाव विनाशुल्क चढवता येतं, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेवढ्यात आरवचा आवाज सासऱ्यांनाही पुरेसा ऐकू येईल.