रग्बी लीगच्या (रग्बीचाच तेरा-तेरा खेळाडूंचा प्रकार) नियमपुस्तकात एक नियम आणि मैदानावर रेफरी देतो भलतंच, असं का, हा एका वाचकाचा प्रश्न.

प्रश्नात स्क्रमचं उदाहरण दिलंय. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून उभे राहतात आणि मधल्या जागेत चेंडू टाकून खेळ पुन्हा सुरू होतो. पुस्तक म्हणतं चेंडू दोन्ही फळ्यांच्या मधोमध टाका, पण हाफबॅक (चेंडू आत टाकणारा खेळाडू) तो सरळ आपल्याच खेळाडूंच्या पायांत सरकवतो आणि शिट्टी वाजत नाही. ते खरंच आहे. तो नियम कोणी खोडला नाही, फक्त रेफरींनी तो बघायचं कधीच सोडून दिलंय. मूळ पुस्तक सगळ्यांचं एकच असलं, तरी त्यातलं काय किती कडक पाळून घ्यायचं हे त्या-त्या लीगचे, म्हणजे स्पर्धेचे, रेफरी-प्रमुख सांगतात.

मी ब्रिस्बेनला राहतो, त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या एनआरएलबद्दल, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या रग्बी लीग स्पर्धेबद्दल, बोलतो. खरी गंमत टॅकलनंतरच्या, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडल्यानंतरच्या, दोन-तीन सेकंदांत असते. पुस्तक म्हणतं, पाडलेल्या खेळाडूला लगेच सोडा. आता लगेच म्हणजे किती? टीव्हीवर रेफरीचा माइक ऐका. तो आधी ‘हेल्ड’ (टॅकल पूर्ण झाला) म्हणतो, मग ‘मूव्ह’ (आता बाजूला व्हा). चेंडूवाला स्वतःहून खाली बसला तर ‘सरेंडर’ (शरणागती) अशी हाक येते आणि बचाव करणाऱ्यांना त्याच्यावर जरा जास्त वेळ पडून राहता येतं. ही सवलत रेफरींना दिलेल्या सूचनांतली, आणि प्रशिक्षक त्याच अर्ध्या सेकंदासाठी आठवडाभर कुस्तीचे डाव घोटून घेतात.

२०२० मध्ये अशा अडवणुकीला पेनल्टीऐवजी नव्याने सहा टॅकल द्यायचं ठरलं (सहा टॅकल झाले की चेंडू समोरच्या संघाकडे जातो, म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं हा फायदा). तो मात्र उघड नियमबदल होता. किती वेळ रेंगाळलं तर ते सहा द्यायचे, हे अजूनही रेफरीच्या नजरेवर आणि त्या हंगामाच्या सूचनांवरच आहे.

सगळ्यात ठळक उदाहरण मे २०२१ चं, ब्रिस्बेनच्या मॅजिक राउंडचं, म्हणजे सगळ्या संघांचे सामने एकाच मैदानावर होतात त्या फेरीचं. डोक्याला किंवा मानेला लागलं की कडक कारवाई करा, असा आदेश ऐन हंगामात निघाला. उंच टॅकलचा (डोक्याला किंवा मानेला धरून पाडण्याचा) नियम होता तसाच, पण आधल्या आठवड्यात जिथे नुसती पेनल्टी मिळायची तिथे दहा मिनिटांचं सिन-बिन, म्हणजे तेवढा वेळ मैदानाबाहेर बसण्याची शिक्षा, मिळू लागलं. त्या एका फेरीत डझनभराहून जास्त खेळाडू तिथे जाऊन बसले, काही तर उरलेल्या सामन्यासाठीच बाहेर गेले. समालोचक आणि प्रेक्षक वैतागले. मला विचाराल तर आदेश योग्यच होता, मेंदूच्या इजेशी खेळ नको. पण हंगामाच्या मध्यात पोरांच्या हाताची सवय आठवड्याभरात बदलत नाही, तो सुरुवातीलाच काढायला हवा होता.

तेव्हा यूट्यूबवर जुने सामने बघून नियम शिकत असाल, तर आधी सामन्याचं साल बघा, आणि लीग कुठली तेही. इंग्लंडच्या सुपर लीगच्या रेफरींना सूचना वेगळ्या असतात.