युनियन लावल्यावर बेरीज कमी का भरते

तुमच्या दोन दुकानांच्या विक्रीचे दोन टेबल आहेत, त्यातून डेटा मागवणाऱ्या दोन्ही एसक्यूएल क्वेऱ्या युनियनने (दोन निकाल एकाखाली एक लावणारा कीवर्ड) जोडल्यात आणि एकूण विक्री वहीपेक्षा ३४० रुपयांनी कमी येतेय. घाबरू नका, टेबलातला डेटा शाबूत आहे. नुसतं युनियन लिहिलं की डेटाबेस हुबेहूब सारख्या ओळींपैकी एकच ठेवतो.

तुम्ही दिलेल्या नमुन्यातच बघा: ५ मार्च, तूरडाळ, १७०. ही ओळ पहिल्या दुकानात दोनदा आणि दुसऱ्यात एकदा आहे. गिऱ्हाइकं तीन, बिलं तीन. पण क्वेरीत तुम्ही बिल नंबर घेतलेलाच नाही. मग त्या ओळी वेगळ्या ओळखायच्या कशावरून? ५१० चे १७० झाले, तेच तुमचे ३४०.

इथे बरेच जण फसतात. त्यांना वाटतं, युनियन फक्त दोन टेबलांत सामाईक असलेल्या ओळी गाळतं. तसं नाही, एकाच टेबलातल्या सारख्या ओळीही जातात. म्हणजे दुकानाचं नाव जोडून युनियनच ठेवलंत, तरी पहिल्या दुकानातल्या दोन ओळींची एक होणार आणि १७० ची तूट राहणारच.

म्हणून युनियनऐवजी युनियन ऑल वापरा, ते सगळ्या ओळी ठेवतं. असं लिहा (कीवर्ड अर्थातच रोमन लिपीत):

सिलेक्ट 'दुकान १' अ‍ॅज शाखा, तारीख, माल, रक्कम फ्रॉम विक्री_१
युनियन ऑल
सिलेक्ट 'दुकान २', तारीख, माल, रक्कम फ्रॉम विक्री_२
ऑर्डर बाय तारीख;

ऑर्डर बाय (ओळींचा क्रम लावणं) एकदाच, शेवटी. युनियन ऑलमध्ये सारख्या ओळी शोधायचं काम वाचतं, त्यामुळे मोठ्या टेबलांवर हे सहसा लवकरही होतं.

आता कॉलमच्या क्रमाकडे नीट लक्ष द्या. युनियन कॉलमची नावं जुळवत नाही, जागा जुळवतं. निकालात नावं पहिल्या सिलेक्टची येतात. मी एकदा एका सिलेक्टमध्ये नग आधी आणि रक्कम नंतर लिहिली होती. दोन्ही आकडेच, त्यामुळे एररही आली नाही. महिनाअखेरीला हिशेब जुळवताना तूरडाळीचे १७० नग दिसले, तेव्हा कुठे चूक कळली. म्हणून युनियनमध्ये 'सिलेक्ट स्टार' (सगळे कॉलम एकदम मागवणं) मी कधीच लिहीत नाही, कॉलम एकेक करून लिहितो.

जॉइन चालेल का, हेही विचारलंत. इथे नाही. जॉइन ओळीला ओळ शेजारी लावतो. तुम्हाला एका यादीखाली दुसरी हवी आहे.

बदल केल्यावर दोन्ही टेबलांचे काउंट (ओळींची संख्या) वेगवेगळे काढा. त्यांची बेरीज आणि जोडलेल्या निकालातल्या ओळी सारख्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर पूर्ण क्वेरी इथे टाका, बघतो.